गिट्टीची खाज

कागद दाराच्या फटीतून आत सरकवलेला होता. पंखा फिरतोय, कुकरच्या शिट्ट्या होतायत, घरात माणूस आहे हे रस्त्यावरून कळत असताना घंटी न वाजवता सरकवलेला. म्हणून संघमित्रा गजभियेनं तो उचलायच्या आधीच ओळखलं, ह्यात चांगलं काही नाही. टाइप केलेला, बालाघाटातल्या सगळ्या कागदांसारखा हिंदीत. ‘कॉलोनी में एक खुजलीग्रस्त श्वान के कारण बच्चों के स्वास्थ्य को खतरा है. श्वान को हटाने के संबंध में रविवार सायं पाँच बजे बैठक.’ खाली अकरा सह्या. पहिली शेजारच्या त्र्यंबकराव डबीरांची, सिंचन खात्यात तीस वर्षं फायलींवर ठोकली तशीच, खाली दोन टिंबं देऊन. श्वान कुणाचा ते लिहिलं नव्हतं. अख्ख्या कॉलनीत साखळीचा कुत्रा एकच, तोही कुत्रा नाही, कुत्री; तरी मालकिणीचं नाव नाही. गजभिये हे चार अक्षरी आडनाव टाइप करताना बोटं झिजली असती का? सहा वर्षं ती ह्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होती, सरकारी शाळेत ह्यांच्याच शहरातल्या पोरांना विज्ञान शिकवत होती, आणि कागदावर उरलं काय, तर खुजलीग्रस्त श्वान. आतल्या खोलीत गिट्टी खाजवत होती. मागचा पाय फरशीवर आपटायचा, टक टक टक टक, गळ्यातली साखळी त्याच तालात वाजायची, मग थांबायचं, मग दात लावून कुरतडल्याचा ओला आवाज यायचा. तीन महिने हा आवाज घरात होता. वर्गात फळ्यावर लिहिताना खडूचा आवाज झाला तरी तिला वाटायचं, गिट्टी खाजवतेय.

दोन वर्षांपूर्वी वैनगंगेकडच्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा गिट्टीच्या ढिगावर सापडलेलं हे पिल्लू. काळं, कानांच्या टोकाला तांबूस. आई जिजाबाई तेव्हा जिवंत होती. जिजाबाई म्हणाली होती, ‘‘आणली तं आणली, पर घान नाही पायजे मले. लोकं आपल्याच घराकडे पायतेत.’’ लोकं म्हणजे डबीर, हे सांगायची गरज नव्हती. दर रविवारी गिट्टीची आंघोळ व्हायची. आई गेली, आणि त्याच महिन्यात एक दिवस अलकनंदाकाकू, म्हणजे डबीरबाई, फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘काय हो मॅडम, तुमची कुत्री किती स्वच्छ असते!’’ चांगलं बोलल्या. हसून बोलल्या. संघमित्रा पण हसली. आत आली आणि तो ‘किती’ तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला. किती म्हणजे काय? कशाच्या मानानं किती? शाळेतल्या बाया घरी चहाला आल्या की भिंतीवरच्या बुद्धाकडे बघत बघत हेच म्हणायच्या, मॅडम, आपका घर कितना साफ है. कुणा अग्रवालच्या घरी जाऊन असं म्हणतात का ह्या? तिथं स्वच्छता दिसतच नाही त्यांना, कारण तिथं ती असणारच असते. आपल्याकडे दिसली की नवल. त्या दिवसापासून गिट्टीची आंघोळ रोजची झाली. हिवाळ्यात वास येऊ नये म्हणून बादलीत झाकणभर फिनाइल पडायला लागलं. कुणी बोट ठेवायला जागा नको.

आणि तरीही खाज आली. मग ती आली कुठून? ज्या घरात धूळ टिकत नाही त्या घरात खाज आपोआप येत नसते. कुणीतरी आणते. शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं कारण शोधायला नको? कारण भिंतीपलीकडे होतं. अलकनंदाकाकू सकाळी साडेसहाला फाटकावरून पोळी टाकायच्या. का टाकायच्या? गाय होती, कावळे होते, बेवारस कुत्री हवी तेवढी होती. साखळीतल्या, पोट भरलेल्या कुत्रीला रोज पोळी काहून? त्र्यंबकराव गुलाबांवर दर शनिवारी फवारा मारायचे, वारा इकडचा असताना हटकून. भिंतीच्या बुडाशी पांढरी भुकटी पडलेली असायची. मुंग्यांची, असं ते म्हणायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी होती, जाळीला मागून पडदा. त्या पडद्याच्या कडेला डोळा लावून संघमित्रा महिनाभर सकाळच्या सकाळ उभी राहिली होती. दूध दोनदा उतू गेलं. पोळीची घडी कशी केलीय, आत काही आहे का, काकू टाकण्याआधी इकडेतिकडे बघतात का. बघायच्या! रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघायच्या आणि मग टाकायच्या. चोर नाही तर असं कोण बघतं? एकदा तिनं ती पोळी गिट्टीच्या तोंडातून ओढून काढली, टेबलावर ठेवली, शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग आणून पाहिली. पोळीच होती. त्यानं संशय गेला नाही, उलट वाढला. इतकी साधी पोळी म्हणजे काहीतरी नक्कीच.

आणि आता उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून डबीरांची नात आलेली, अपूर्वा, आठ वर्षांची. पोरगी सकाळपासून फाटकाच्या गजांतून हात घालून गिट्टीचे कान ओढायची. मागच्या आठवड्यात तिच्या कोपराशी लाल पुरळ उठलं. झालं. कॉलनीच्या मोबाइलवरच्या गटात कोपऱ्यावरच्या किराणावाल्या बाबूलालनं लिहिलं, ‘‘बिरसा के जंगल में छुड़वा दो, गाड़ी मैं दे दूँगा.’’ त्याखाली सहा अंगठे. बिरशाच्या जंगलात म्हणजे कुठं, हे त्या अंगठेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथं बिबटे आहेत. साखळीत वाढलेली कुत्री तिथं एक रात्र काढत नाही. हे मारणं होतं, फक्त हात न लावता.

कागद हातात घेऊन ती अंगणात आली. पलीकडे काकू तुळशीजवळ वाकल्या होत्या. एरवी डबीरांशी ती नीट तोलून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. आज तोल गेला.

‘‘काकू, पोळीत काय घालता तुम्ही?’’

काकू दचकून वळल्या. ‘‘तूप. का गं?’’

‘‘तूप? कुत्रीला तूप? का म्हणून?’’

‘‘कोरडी खात नाही ना ती. ओढून बाजूला टाकते. लाडावलीय.’’

‘‘आणि रस्त्यावर दोन्हीकडे बघून का टाकता?’’

काकूंचा चेहरा उतरला. ‘‘ह्यांना आवडत नाही गं... फिरायला गेलेले असतात तेव्हा टाकते. पण तू हे असं का विचारतेस?’’

‘‘माझी कुत्री तीन महिन्यांपासून स्वतःची कातडी खाते आहे. तुमच्या पोळीनंतर. म्हणून विचारते.’’

त्र्यंबकराव पायजम्याची नाडी खोचत व्हरांड्यात आले. ‘‘मॅडम, आरोप करण्याआधी विचार करावा. माझ्या नातीच्या अंगावर फोड आलेत, आम्ही काही बोललो का?’’

‘‘अकरा सह्या घेतल्या. बोलायचं काय राहिलं?’’

‘‘तो नियम आहे. जे काय ते रविवारी बैठकीत.’’ आणि बायकोला म्हणाले, ‘‘चल आत.’’ काकू गेल्या, पण जाताना वळून गिट्टीकडे बघत गेल्या, आणि ते बघणं कसलं होतं, दयेचं की दुसरं कसलं, हे संघमित्रा दुपारभर ठरवत बसली.

मोरीत बादली भरली. गिट्टी पाणी पाहूनच शेपूट पायांत घालून कोपऱ्यात गेली. ‘‘ये, ये वो बाई. तुह्याच भल्यासाठी करून राह्यली ना मी. इतवारपर्यंत चांगलं झालं पायजे तुले.’’ फिनाइलचं झाकण आज दोनदा ओतलं. पाणी दुधाळ झालं. पोटाखालची कातडी लाल, जागोजागी खपल्या, काखेत केस गेलेले; ब्रश लागला तशी गिट्टी कण्हली, पण चावली नाही. मान खाली घालून उभी राहिली. असं मान खाली घालून उभं राहणं संघमित्राच्या अंगाला ठाऊक होतं. तिरोडी. खाणीचे क्वार्टर, ओळीच्या टोकाला एक नळ. बाप पुनाराम खाली खाणीत, आई वर दगड निवडायला. मँगनीजची धूळ काळी असते, आणि ती नुसती बसत नाही, शिरते. नखांत, कानांच्या घड्यांत, मानेच्या रेषेत. दुसरीत होती ती. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर तिचा हात दोन बोटांनी उचलून विचारलं होतं, ‘‘नहाती है कि नहीं?’’ आणि दाराजवळ बसवलं. खाणीतली पोरं वर्गात बारा होती, सगळ्यांच्या अंगावर धूळ तीच. दाराजवळ तीनच बसायची, आणि त्या तिघांची घरं एकाच ओळीत होती. घरी येऊन सांगितलं तर आई गुरुजींवर रागावली नाही. दुसऱ्या दिवशी अंधारात उठवून नळावर नेलं, कपड्यांच्या साबणाची वडी घेतली, आणि घासलं. दगडानं घासलं. रोज. गुडघे, कोपर, मान. थंडीत कातडी फाटायची, फाटलेल्यात साबण जायचा, आणि मग वर्गात अकरा वाजता अंगाला अशी खाज सुटायची की पट्टी घेऊन पाठीत घालावी. ती खाजवायची. गुरुजी म्हणायचे, देखो, खुजा रही है. आई रात्री हात फिरवून विचारायची, आज काही म्हनलं का? ती खोटंच सांगायची, नाही म्हनलं. आई म्हणायची, पाय, मी सांगतलं होतं ना. आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावायची.

संघमित्राचा ब्रश थांबला. पण फक्त हात भरून आला म्हणून थांबला, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि परत घासायला लागली.

शनिवारी ती गिट्टीला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. कारण शोधायला नाही; पुरावा आणायला. पोटात विष निघालं की कागद घ्यायचा आणि बैठकीत त्र्यंबकरावांच्या टिंबांवर आपटायचा, एवढं ठरलेलं. डॉक्टर दुलीचंद टेंभरे टेबलावर वाकले. पात्यानं थोडी कातडी खरवडली, काचेवर घेतली, यंत्राला डोळा लावला. दुसरीकडची खरवडली. परत लावला. मग गिट्टीच्या पाठीला नाक नेऊन हुंगलं.

‘‘मॅडम, हिले धुता कायनं?’’

‘‘साबणानं.’’

‘‘न् हा वास कायचा हाय?’’

‘‘थोडं फिनाइल.’’

‘‘किती दिवसाआड?’’

‘‘रोज.’’

डॉक्टरांनी मान वर केली. ‘‘रोज? फिनाइल संडासात टाकतेत मॅडम. ही अंग चाटते, पोटात जाते ते. मरली असती एखाद दिवशी.’’

‘‘पण तुम्ही विष बघा ना. शेजारी काहीतरी चारतात तिला.’’

‘‘कोनी काही नाही चारत. किडा पन नाही. किडा राह्यला असता तं बरं झालं असतं, सुई मारली असती न् सुट्टी. कातडीचं तेल पार धुऊन टाकलं तुमी. उघडी पडली ते, सुकली, फाटली. आता आग होते न् खाज सुटते. खाजवली का जखम होते, जखम दिसली का तुमी आणखी धुता. महिनाभर पानी बंद. मग पंधरा दिवसांतून एकदा, मी देतो त्या औषधानं.’’

‘‘शेजारच्या मुलीला पुरळ आलंय.’’

‘‘मे महिना हाय बालाघाटचा. घामोळ्या असतीन. माणसाच्या डॉक्टरले दाखवा म्हना.’’ त्यांनी कागद ओढला. लिहिलं: ‘छूत की बीमारी नहीं है. बार-बार धोने एवं फिनाइल के उपयोग से त्वचा क्षतिग्रस्त.’

संघमित्रानं कागद घेतला नाही. ‘‘दुसरी ओळ नको. पहिलीच पुरे.’’

‘‘अधूरा कागद मी नाही देत. लोकं विचारतीन ना, छूत नाही तं मग हाय काय?’’

लोकं विचारतील. तेच तर. पहिली ओळ दाखवली तर गिट्टी राहील. पण पहिली ओळ दुसरीशिवाय मिळत नाही. दुसरी ओळ वाचून दाखवायची म्हणजे अकरा सह्यांसमोर उभं राहून सांगायचं, की मी हिला रोज फिनाइलनं धुते. मग कुणीतरी विचारेल, का? आणि त्या ‘का’च्या पोटात तिरोडीचा नळ होता, आई होती, दाराजवळची जागा होती. ते ह्या लोकांच्या हातात द्यायचं? ज्यांच्यापासून लपवायला म्हणून जन्म घासण्यात गेला, त्यांच्याच? रिक्षात गिट्टी तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपली. टेंभऱ्यांनी सुई दिली होती, तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा पाय हलत नव्हता. संघमित्राला टेंभऱ्यांचाही संशय आला. डबीरांना ओळखत असेल हा. बालाघाटात कोण कुणाला ओळखत नाही? मग तिचं तिलाच कळलं, की आपण आता दोष कुणावरही ढकलायला तयार आहोत, फक्त ती बादली आपली नको.

रविवारी डबीरांच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तिला एक खुर्ची ठेवली होती, शेवटची, पायरीजवळ. मुद्दाम ठेवली की आधीचे लोक आधी येऊन बसले, कोण जाणे. ती बसली नाही. उभ्यानंच कागद त्र्यंबकरावांकडे दिला. त्यांनी चष्मा लावला, मोठ्यानं वाचलं, दुसरी ओळ जरा जास्तच सावकाश.

‘‘म्हणजे छूत नाही,’’ ते म्हणाले. चेहऱ्यावर सुटका होती की निराशा, वाचता आलं नाही. ‘‘उत्तम. पण मॅडम, रोज धुवायला तुम्हाला सांगितलं कुणी?’’

बाबूलाल हसला. ‘‘अरे मॅडम, कुतिया है, दुल्हन थोड़ी है!’’ मग सगळेच हसले. वाईट हसणं नव्हतं ते. तेच तिला सहन झालं नाही. ते खरोखर हसत होते, मोकळेपणानं, ज्यांना रोज धुवायची वेळ कधी आली नाही तसे. सांगितलं कुणी! तिनं त्र्यंबकरावांच्या डोळ्यांत बघितलं. हा माणूस सोंग करतोय की ह्याला खरंच ठाऊक नाही? सोंग असतं तर बरं झालं असतं, सोंगाला थोबाडीत मारता येते. उत्तर जिभेवर होतं. तुम्ही सांगितलं. तुमच्या बायकोच्या ‘किती’नं सांगितलं, गुरुजींच्या दोन बोटांनी सांगितलं. पण फाटकाच्या पलीकडे गिट्टी बसली होती, आणि हे बोललं की बैठक कुत्रीवरून तिच्यावर जाणार, सह्या राहणार, बाबूलालची गाडी राहणार.

‘‘माझी चूक,’’ ती म्हणाली.

‘‘चला, मिटलं तर,’’ त्र्यंबकराव म्हणाले, आणि सह्यांचा कागद चार घड्या करून खिशात घातला. फाडला नाही. आतून काकूंनी पन्हं आणलं. संघमित्रानं ग्लास घेतला, संपवला, घरी आली, आणि दार लावून अंधार पडेपर्यंत मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. कुत्री वाचली होती. दोन शब्दांत वाचली होती. ते दोन शब्द खोटे नव्हते, हीच त्यातली हरामखोरी. अर्ध्या खऱ्या गोष्टीवर पूर्ण सही करून आली होती ती.

तेरा दिवस पाणी लावलं नाही. गिट्टीला वास यायला लागला, कुत्र्याला येतो तसा. पोटाखालची लाली विझली, खपल्या गळाल्या, काखेत बारीक लव दिसायला लागली. चौदाव्या दिवशी सकाळी संघमित्रानं तिला तशीच, धुळीसकट, रस्त्यावर काढली. सगळ्यांच्या दारांसमोरून. गिट्टीनं डबीरांच्या फाटकापुढे अंग जमिनीवर टाकलं आणि पाठीवर लोळली, चारी पाय वर. साखळी ओढायला संघमित्राचा हात गेला. तिनं तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

अलकनंदाकाकू बाहेर आल्या. नातीला परवाच पुण्याला पाठवलं होतं. पुरळ घामोळ्यांचंच निघालं, हे त्यांनी सांगितलं, न विचारता. मग वाकल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि पहिल्यांदाच गिट्टीच्या डोक्यावर हात ठेवला. कानामागे खाजवलं. गिट्टीनं डोळे मिटले.

‘‘छान झाली गं,’’ काकू म्हणाल्या. उठल्या, आत गेल्या. लगेच अंगणातल्या नळाचा आवाज आला.

संघमित्रा तिथंच उभी राहिली. पाणी किती वेळ चालू राहतं, हे ती मोजत होती. साडेसात ही नगरपालिकेच्या पाण्याची वेळ, ह्या वेळी गल्लीत सगळीकडेच नळ वाजतात, हंडे भरतात. हंडा असेल. हंडा नसेल. आता घरी जावं, पडद्यामागे उभं राहावं, आणि पुढची सहा वर्षं ह्या आवाजाचं काय करायचं ते ठरवत बसावं.

ती फाटकाशी गेली. कडी वाजवली.

‘‘काकू.’’

काकू पदराला हात पुसत आल्या. ‘‘काय गं?’’

‘‘हात धुतले?’’

‘‘हो... कणीक भिजवायची आहे ना.’’

‘‘कुत्रीले लावला म्हणून धुतले, का माह्या कुत्रीले लावला म्हणून?’’

काकूंच्या ओठावर उत्तर आलं, चटकन, तयार असलेलं. ते संघमित्राला दिसलंसुद्धा. मग ते तिथंच थांबलं. काकूंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मागे व्हरांड्यात त्र्यंबकराव खाकरले, ‘‘कोण आहे?’’

‘‘मला नाही सांगता येत गं,’’ काकू हळू म्हणाल्या. ‘‘मी कधी बघितलंच नाही.’’

ह्यावर काय म्हणायचं ते संघमित्रानं ठरवून आणलं नव्हतं. खोटं शोधायला ती त्या चेहऱ्यावर बराच वेळ डोळे लावून राहिली. सापडलं नाही.

‘‘मंग पाहा आता,’’ ती म्हणाली, आणि साखळी सैल सोडून चालायला लागली.